सीपॅपचं प्रेशर १२ ठेवलंय, श्वास बाहेर सोडताच येईना. सवय कशी लावली तुम्ही?

द्राक्षबाग_तासगाव
नमस्कार मंडळी. वय ४७, तासगावजवळ राहतो. घोरणं लई वर्षांचं आहे पण यंदा ट्रॅक्टरवर बसून बागेत औषध मारताना डोळा लागला, नशीब बांधाला अडकलो, मग बायकोनं मिरजेला नेलंच. स्लीप स्टडीत एएचआय ४२ आला, म्हणजे तासाला ४२ वेळा श्वास अडतोय. डॉक्टरांनी सीपॅप दिलं, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबानं हवा सोडणारं मशीन, नाकावरचा मास्क, प्रेशर १२ फिक्स. आज नववी रात्र. मास्क लावला की हवा अशी घुसते की श्वास आत जातोय पण बाहेर सोडायला जोर लावावा लागतो, छाती दुखल्यासारखी होते, पहाटे पोट फुगून ढेकरा, आणि दोन-अडीचला मास्क कधी काढून टाकतो ते माझं मलाच कळत नाही. मशीन देणारा माणूस म्हणाला होईल सवय, फोन ठेवला. ४२ आकडा बघितल्यापासून मशीन सोडायचं धाडस पण होत नाही. कुणी यातून गेलंय का?

सातारकर_५८
दादा, मी सहा वर्षं वापरतोय, पहिला महिना तुमच्यासारखाच गेला. आधी हे १२ म्हणजे काय ते सांगतो, मला ते कळल्यावर भीती गेली. १२ म्हणजे १२ सेंटिमीटर पाण्याचा दाब. उंच ग्लासात पाणी घेऊन स्ट्रॉ १२ सेंटिमीटर खोल बुडवा आणि फुंकून बुडबुडे काढा, जेवढा जोर लागतो तेवढ्याच दाबाविरुद्ध तुम्ही श्वास सोडताय. छातीला इजा होईल असा तो दाब नाही, पण जागेपणी नको वाटणारच. घशाचे स्नायू झोपेत सैल पडून वाट बंद होते ती उघडी ठेवायला तेवढा लागतो.
आता दोन गोष्टी मशीनमध्ये बघा. एक रॅम्प. तो चालू असला की मशीन ४-५ वर सुरू होतं आणि हळूहळू १२ ला जातं, तोवर झोप लागलेली असते. मला ४ वर उलट हवाच कमी पडायची, डॉक्टरांनी ६ पासून सुरू करून दिलं. दुसरं, श्वास सोडताना दाब कमी करायची सोय, रेसमेड कंपनीच्या मशीनमध्ये तिला ईपीआर म्हणतात, १ ते ३ असतं, ३ ठेवलं की सोडताना १२ चे ९ होतात. तुमचा सगळा त्रास सोडतानाच आहे म्हणून हे पहिलं विचारा.
आणि पलंगावर पडून पहिली ओळख करू नका. संध्याकाळी बातम्या बघताना खुर्चीत बसून अर्धा तास मास्क लावायचा. मी आठ दिवस असंच केलं, मेंदूला कळलं की घुसमटत नाही.

मिरजेची_वहिनी
भाऊजी, तुम्हाला मिशा आहेत का? विचारते कारण आमच्याकडे तोच घोटाळा होता. यांच्या झुपकेदार मिशांमुळे मास्क बसायचा नाही, हवा गळायची, डोळ्यात जायची, हे म्हणायचे प्रेशर वाढलंय. प्रेशर तेवढंच होतं, पण गळती भरून काढायला मशीन जास्त हवा सोडतं त्यामुळं वारं सुटल्यासारखं वाटतं. शेवटी नाकपुडीत बसणारा पिलोवाला मास्क घेतला, मिशा तशाच आहेत.
पट्टा आवळून बांधत असाल तर तसं करू नका, आवळलं की मास्कची गादी दुमडते आणि जास्त गळतं. मशीन चालू करून, आडवं पडून मग पट्टे लावायचे. रोज सकाळी मास्क साध्या साबणानं धुवायचा, चेहऱ्याचं तेल राहिलं की घसरतो. आणि तोंड उघडं राहतं का ते वहिनींना रात्री बघायला सांगा. नाक बंद असेल तर माणूस तोंड उघडणारच, मग नाकाचा मास्क काय करणार, झोपायच्या आधी सलाइनचे थेंब घाला.

द्राक्षबाग_तासगाव
वहिनी मिशा आहेत. आणि आत्ता स्क्रीन बघितली, मास्क सीलपुढं लाल, रडकं तोंड दाखवतंय, एएचआय ११. रॅम्प बंद होता!! नऊ दिवस कुणी सांगितलं नाही. एक विचारतो, व्हिडिओत दोन बटणं दाबून आतला मेनू उघडतात, तिथून १२ चे ८ केले तर चालेल का? मिरजेला जायला चार दिवस आहेत.

सातारकर_५८
नको. कळकळीनं सांगतोय. मी हेच केलं होतं, ११ चे ७ केले, रात्र एकदम सुखाची वाटली, मशीन अंगावर आहे हे कळायचं पण नाही. एएचआय १९ वर गेला ते बघितलंच नाही. दहा दिवसांनी पुण्याहून परत येताना खंबाटकी घाटात वळणावर गाडी चालवताना डुलकी आली, शेजारी मुलगी बसलेली. आजही ते वळण आलं की हात घट्ट होतात. कमी ठेवलं तर श्वास परत अडतो, आणि मनानं वाढवलं तर काहींना मेंदूच श्वास घ्यायला विसरतो तसला वेगळा ॲप्निया, म्हणजे श्वास थांबण्याचा त्रास, होतो. रॅम्प तेवढा चालू करा, तो पेशंटच्या मेनूत असतो. आकडा डॉक्टरच बदलतील. जाताना मशीन आणि आतलं कार्ड दोन्ही न्या, रोज किती तास, गळती किती, सगळं त्यात असतं. आणि तोवर ट्रॅक्टर दुसऱ्या कुणाला तरी द्या.

मिरजेची_वहिनी
पोटाचं राहिलं. हवा गिळली जाते म्हणून फुगतं. रात्रीचं जेवण आठच्या आत, उशाकडून पलंग थोडा उंच, डाव्या कुशीवर झोपायचं. तरी कमी नाही झालं तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यावरून पण प्रेशर ठरवतात.

द्राक्षबाग_तासगाव
जाऊन आलो, आज सोळा दिवस झाले त्याला. कार्ड बघून डॉक्टरांनी फिक्स काढून ऑटोवर टाकलं, ७ ते १३, लागेल तेवढंच वाढतं. ईपीआर ३. मास्क वहिनींनी सांगितलेला पिलोवाला. काल एएचआय ३.८, पाच तास दहा मिनिटं. ढेकरा निम्म्यावर. पहाटे चारला अजून तीन दिवसातून एकदा मास्क उशाशी सापडतो, पण आता जाग आली की परत लावून झोपतो. थंडीत नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येतोय, त्याला काय करता?

सातारकर_५८
नळीला जुन्या चादरीचं कव्हर शिवून घ्या, आणि मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा म्हणजे पाणी नाकाकडं येत नाही. तरी झालं तर ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर करणारा भाग, एक नंबरनं कमी.