कोल्हापूर–हैदराबाद–कोइम्बतूर: पहिल्या विमानाला उशीर झाल्याने दुसरे चुकले, भरपाई कोणाकडे मागावी?

प्रश्न : ओतकाम_कोल्हापूर

नमस्कार. मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत काम करतो. गेल्या महिन्यात कोइम्बतूरच्या एका पंप उत्पादकाकडे नव्या केसिंगचे नमुने मंजूर करून घेण्यासाठी जायचे होते. बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला होती. कोल्हापूरहून थेट विमान नसल्याने आमच्या कार्यालयाने हैदराबादमार्गे दोन तिकिटे काढली. ती दोन वेगवेगळ्या कंपन्यांची होती आणि दोन्हींचे पीएनआर स्वतंत्र होते. पहिले विमान दुपारी २.१० ला हैदराबादला उतरणार होते आणि दुसरे ५.०५ ला सुटणार होते. मध्ये जवळजवळ तीन तास असल्याने कोणालाच काळजी वाटली नाही.

विमान सुटायला तासभर उरला असताना उशिराचा संदेश आला. त्यात कारण म्हणून ‘परिचालनविषयक’ एवढेच लिहिले होते. प्रत्यक्षात ते दोन तास वीस मिनिटे उशिरा सुटले आणि साडेचारला हैदराबादला पोहोचले. नमुन्यांची लाकडी पेटी मी सामानात दिली होती. तिच्या कडीला लावलेल्या पट्टीवर फक्त ‘एचवायडी’ ही तीन अक्षरे होती, म्हणजे ती तिथेच उतरवून घेऊन पुन्हा द्यावी लागणार होती. पेटी पट्ट्यावर आली तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटे होती आणि दुसऱ्या कंपनीचा काउंटर ४.०५ लाच बंद झाला होता. तिथल्या मुलीने नम्रपणे सांगितले की त्यांच्या नोंदीत मी ‘नो-शो’ म्हणजे न आलेला प्रवासी आहे आणि नवे तिकीट घ्यावे लागेल.

रात्रीचा मुक्काम आणि दुसऱ्या दिवशीचे तिकीट मिळून अकरा हजारांच्या वर खर्च झाला. मी दुपारी पोहोचलो तोवर त्यांचे गुणवत्ता प्रमुख दुसऱ्या कारखान्यात गेले होते आणि मंजुरी तीन आठवडे पुढे गेली. पहिल्या कंपनीने लेखी उत्तर दिले आहे की त्यांचा करार केवळ हैदराबादपर्यंतचा होता. हे बरोबर आहे का? आणि दर दोन महिन्यांनी याच मार्गाने जायचे असल्याने पुढच्या वेळी नेमके काय करावे, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ : तिकीट_खिडकी_सांगली

नमस्कार. मी बावीस वर्षे तिकिटांच्या व्यवसायात आहे, आणि आपल्यासारखे ग्राहक दर महिन्याला माझ्यासमोर येऊन बसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण ज्याला जोडविमान म्हणत आहात, ते विमान कंपन्यांच्या दृष्टीने जोडविमान नव्हतेच. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असतात तेव्हाच पहिल्या टप्प्याच्या उशिराची जबाबदारी दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचते. तसे असते तर पुढच्या उपलब्ध विमानात जादा पैसे न घेता जागा देणे हे कंपनीचे काम ठरले असते, आणि पेटीवरही कोइम्बतूरची ‘सीजेबी’ ही पट्टी लागून ती आपोआप पुढे गेली असती. स्वतंत्र तिकिटांवर मात्र आपण एका कंपनीचे हैदराबादला उतरलेले प्रवासी आणि दुसऱ्या कंपनीचे न आलेले प्रवासी, अशा दोन वेगळ्या व्यक्ती ठरता.

मधल्या तीन तासांचा हिशेबही कागदावर दिसतो तसा नसतो. बहुतेक कंपन्या देशांतर्गत उड्डाणाचा सामान-काउंटर सुटण्याच्या ६० मिनिटे आधी बंद करतात. म्हणजे आपल्या हाती खरे तर एक तास पंचावन्न मिनिटे होती, आणि त्यातून पेटी पट्ट्यावर येण्याचा वेळ वजा करावा लागतो. मी स्वतंत्र तिकिटांवर पाच तासांपेक्षा कमी अंतर देतच नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक असेल तर त्या दिवसाचे शेवटचे विमान दुसऱ्या टप्प्यासाठी कधीही घेत नाही.

आता जे परत मिळू शकते त्याबद्दल. न वापरलेल्या दुसऱ्या तिकिटाचे भाडे गेले असले तरी त्यातील विमानतळ वापर शुल्क, सुरक्षा शुल्क यांसारख्या वैधानिक रकमा परत करणे कंपनीवर बंधनकारक आहे. प्रवासी नो-शो असला आणि भाडे परत न मिळणाऱ्या प्रकारचे असले तरीही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा म्हणजे डीजीसीएचा हा नियम लागू होतो. मागितल्याशिवाय ही रक्कम सहसा कोणी देत नाही. ज्यांच्याकडून तिकीट काढले त्यांना आजच पीएनआरसह ई-मेल पाठवा.

उत्तर २ : वकिली_पुणे

आपल्या प्रश्नाची कायदेशीर बाजू मांडतो.

डीजीसीएच्या विलंबविषयक नियमांत नुसत्या उशिरासाठी रोख भरपाई नाही, ही गोष्ट पुष्कळ प्रवाशांना ठाऊक नसते. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक उशीर अपेक्षित असेल तर प्रवाशाला अल्पोपहार किंवा जेवण द्यावे लागते, आणि हा हक्क आपल्याला निश्चितच होता. देशांतर्गत विमानाला सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर पर्यायी विमान किंवा संपूर्ण परतावा यांपैकी एक निवडण्याची मुभा मिळते. रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेत सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून अधिक उशीर झाल्यास हॉटेलची सोय करावी लागते. ५,००० ते १०,००० रुपयांच्या भरपाईचे जे आकडे सर्वत्र फिरतात, ते उड्डाण रद्द होण्याबाबतचे आहेत आणि तिथेही मूळ भाडे व इंधन शुल्क यांची बेरीज त्याहून कमी असेल तर तेवढीच रक्कम मिळते.

मात्र या नियमांबाहेरही कायदा आहे. हवाई वाहतूक अधिनियम, १९७२ अन्वये माँट्रियल कराराची, म्हणजे विमान कंपन्यांच्या जबाबदारीविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराची, तत्त्वे भारतातील देशांतर्गत प्रवासालाही लागू केलेली आहेत, आणि त्यानुसार विलंबामुळे झालेल्या नुकसानीस वाहक कंपनी जबाबदार असते. नुकसान टाळण्यासाठी सर्व वाजवी उपाय केले होते किंवा तसे उपाय करणे अशक्य होते, हे तिने सिद्ध केले तरच ती सुटते. ‘परिचालनविषयक कारण’ हे दोन शब्द म्हणजे पुरावा नव्हे. आपली बाजू जिथे बळकट आहे ती जागा हीच.

सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल आपल्या उपयोगी पडेल. अजमेर–जम्मू एक्सप्रेस चार तास उशिरा पोहोचल्याने एका कुटुंबाचे जम्मू–श्रीनगर विमान चुकले होते. रेल्वे आणि विमान यांची तिकिटे अर्थातच स्वतंत्र होती, तरीही उशिराचे समाधानकारक कारण सिद्ध न करता आल्यामुळे रेल्वेला टॅक्सी, आरक्षणाचा खर्च आणि मनस्तापाची भरपाई द्यावी लागली. त्यामुळे ‘आमचा करार हैदराबादपर्यंतचाच’ या उत्तराने विषय संपत नाही.

दोन अडचणी मात्र प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ नुसार दूरान्वयाने झालेल्या नुकसानीची भरपाई मिळत नाही. मंजुरी तीन आठवडे पुढे गेल्याने झालेले व्यावसायिक नुकसान कंपनीला आधी माहीत असण्याचे कारण नव्हते, त्यामुळे ते मागू नये. मागणी तिकीट, मुक्काम आणि मनस्ताप एवढ्यापुरती ठेवावी. दुसरी अडचण अशी की ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये व्यापारी हेतूने घेतलेली सेवा वगळलेली आहे आणि आपले तिकीट कंपनीच्या पैशाने काढलेले आहे, तेव्हा हा आक्षेप समोरून नक्की येईल. सेवेचा नफा मिळवण्याच्या कामाशी थेट संबंध होता का, यावर त्याचा निर्णय होतो, आणि विक्रीच्या कामासाठीचा प्रवास असल्याने आपल्याला त्याचे उत्तर तयार ठेवावे लागेल. तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा आयोगातच करता येते, मुदत दोन वर्षांची आहे आणि सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क पडत नाही.

त्याआधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे (तक्रारी हाताळणाऱ्या अधिकाऱ्याकडे), मग अपील अधिकाऱ्याकडे आणि नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर, या क्रमाने लेखी तक्रार करा. विलंबाचे प्रमाणपत्र कंपनीकडून आताच मागून घ्या.

उत्तर ३ : धावपट्टी_नागपूर

मी बरीच वर्षे विमानतळावर ग्राउंड हँडलिंगच्या कामात होतो, त्यामुळे काउंटरच्या पलीकडच्या बाजूने लिहितो.

कोल्हापूरसारख्या ठिकाणी येणारे एटीआर, म्हणजे पंख्यांचे छोटे विमान, सहसा तिथे मुक्कामाला नसते. तेच विमान दुसऱ्या शहरातून येते, अर्ध्या तासात प्रवासी बदलते आणि परत जाते. दिवसभरात अशा पाच-सहा फेऱ्या असल्याने सकाळी कुठेतरी पाऊण तास गेला की दुपारपर्यंत तो वाढत जातो, आणि संध्याकाळी वैमानिकांच्या कामाच्या तासांची मर्यादाही आडवी येऊ लागते. म्हणून दुपारच्या फेरीपेक्षा दिवसाची पहिली फेरी नेहमी भरवशाची. घरातून निघण्यापूर्वी आपले विमान आधीच्या शहरातून सुटले आहे का, एवढे उड्डाणे दाखवणाऱ्या ॲपवर पाहिले तरी संदेशाच्या तासभर आधी अंदाज येतो.

उशीर कळला तेव्हा आपण अजून कोल्हापुरात होता, आणि निर्णय घेण्याची वेळ तीच होती. पेटी पट्ट्यावर ठेवण्याआधी दुसऱ्या कंपनीला फोन करून तिकिटाची तारीख बदलून घेतली असती तर बदलशुल्क आणि भाड्यातला फरक एवढाच भार पडला असता. विमान सुटण्याच्या आदल्या काही तासांत हा पर्याय बंद होतो, आणि एकदा नो-शोची नोंद झाली की काउंटरवरच्या मुलीच्या हातात काहीच उरत नाही. परतीचे तिकीटही त्याच पीएनआरवर असेल तर काही कंपन्या पुढचा टप्पासुद्धा रद्द करतात, म्हणून फोन करणे टाळूच नये.

उत्तर ४ : निपाणीकर

आमचाही व्यवसाय दक्षिणेतला आहे. मी मधले शहर निवडताना एकच गोष्ट पाहतो: तिथे अडकलो तर जमिनीवरून पुढे जाता येते का? हैदराबादहून कोइम्बतूर नऊशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे विमान चुकले की रात्र गेलीच. बंगळूरहून ते अंतर साडेतीनशेच्या थोडे पुढे आहे. संध्याकाळचे विमान चुकले तरी रात्रीच्या बसने सकाळी आठपर्यंत पोहोचता येते. आपल्याला बेळगावचा सांबरा विमानतळ दोन-अडीच तासांवर आहे, तेव्हा तिथून बंगळूरमार्गे एकाच तिकिटावर जाता येते का ते प्रत्येक वेळी तपासावे.

आणि नमुने सोबत नेऊ नयेत. आम्ही ते डिलिव्हरी चलन जोडून चार दिवस आधी कुरिअरने पाठवतो. मापनाचा अहवाल तेवढा हातातल्या पिशवीत ठेवतो.

पुन्हा ओतकाम_कोल्हापूर

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी विलंबाचे प्रमाणपत्र मागितले आहे आणि दुसऱ्या तिकिटावरील शुल्काच्या परताव्यासाठी ई-मेलही पाठवला आहे. वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे नोडल अधिकाऱ्याकडील मागणीतून व्यावसायिक नुकसान वगळले असून तिकीट व मुक्काम यांच्या पावत्या जोडल्या आहेत. आमच्या लेखा विभागाला एका पीएनआरचे तिकीट अठराशे रुपयांनी महाग पडते म्हणून दोन तिकिटे काढण्याची सवय होती. त्यांना या प्रवासाचा खर्च आणि हा संपूर्ण धागा दाखवला. पुढच्या बैठकीचे तिकीट आजच एका पीएनआरवर निघाले असून पेटी सोमवारी कुरिअरने जाईल. नोडल अधिकाऱ्याचे उत्तर आल्यावर ते इथे लिहीन.