'कुणी पाहिलं?' आणि आमच्या पऱ्हाटीतली (कपाशीतली) गुलाबी अळी

पऱ्हाटीवाला

नाताळच्या सुट्टीत गावी गेलो होतो, यवतमाळकडे. ओसरीवर दोन दहावीवाले अभ्यासाला बसले होते. भाचा केंद्रीय बोर्डाचा, पुतणी राज्य मंडळाची. पुतणीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. भाच्याच्या पुस्तकातून २०२३ साली उत्क्रांती गेली, नुसती आनुवंशिकता राहिली. १८०० हून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी तेव्हा पत्र लिहून विरोध केला होता. थोरले मामा बाजेवरून म्हणाले, "बरं झालं काढलं. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं?"

हा प्रश्न मामांचा स्वतःचा नाही. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला एक केंद्रीय राज्यमंत्री हेच बोलले होते, की डार्विन चूक आहे, माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे लिहिलं नाही की सांगितलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांना मिळून निवेदन काढावं लागलं होतं.

मी मामांना मागच्या खोलीत नेलं. तिथे वेचणीचा कापूस पडला होता, निम्मा कवडी, म्हणजे अळीने नासलेला. पोरांनी वावरातून आणलेलं एक बोंड फोडलं. बाहेरून धड होतं, डागसुद्धा नाही. आत एक पाकळी काळी पडलेली, दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या, त्यात गुलाबी अळी. म्हटलं मामा, ही बघा.

२००२ साली बीटी कापूस आला, म्हणजे अळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेला कापूस, तेव्हा ही अळी त्यावर मरत होती. २०१० मध्ये गुजरातेतून बातमी आली की आता मरत नाही. तोवर दोन जनुकांचं बियाणं, बीजी-२, बाजारात आलं होतं. पाच-सात वर्षांत तिने तेही पचवलं. २०१७ चा हंगाम विदर्भ-मराठवाड्यात कुणी विसरणार नाही, बोंडं या अळीनेच खाल्ली. त्याच वर्षी फवारणीच्या विषबाधेने आमच्या जिल्ह्यात २० हून जास्त माणसं गेली. एका हंगामात चार-पाच पिढ्या धरा, म्हणजे पंधरा वर्षांत साठ-सत्तर पिढ्या. मामांच्या डोळ्यांदेखत, मामांच्या वावरात झालेली ही उत्क्रांती आहे. 'कुणी पाहिलं'चं उत्तर मामांनीच द्यावं असं माझं म्हणणं.

मामा म्हणाले, "हे औषध न लागणं झालं. त्यात डार्विन कुठे आला?" म्हणून हा धागा.

सरळरेघ

मामा बरोबर बोलले. आधी पुस्तकाबद्दल. उत्क्रांती बारावीत आहे, गायब झालेली नाही. ओरड जरा जास्तच झाली.

आता अळी. निवड होते हे कुणी नाकारत नाही. आपल्याकडे बैलाचे खिल्लार, डांगी, गवळाऊ असे प्रकार पिढ्यान्‌पिढ्या निवडूनच राखले आहेत. पण बैल बैलच राहिला आणि तुमची अळी अळीच. विष पचवणाऱ्या चार अळ्या आधीच असतील, बाकीच्या मेल्या, त्या उरल्या. नवीन काय झालं? गाळणीतून चहा गाळला म्हणून चहाची कॉफी होत नाही. लहान बदल आणि अख्खी जीवसृष्टी एका मुळातून निघणं यात फार मोठी उडी आहे, ती तुम्ही गुपचूप मारताय.

प्रयोगवही

गाळणीची उपमा आवडली. पण गाळणीनंतर उरलेला चहा स्वतःची प्रजा वाढवत नाही, अळी वाढवते.

बीटीचं प्रथिन अळीच्या आतड्यातल्या कॅढेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, मग आतड्याला भोकं पडतात. भारतातल्या प्रतिकारक गुलाबी अळ्यांचं कॅढेरिनचं जनुक तपासलं, त्याचा निकाल २०१४ मध्ये छापून आला. त्या जनुकाचे आठ वेगवेगळे, नव्याने सापडलेले बिघडलेले प्रकार त्यात आहेत. एकच जुनी अळी वाचून तिचंच लेंढार पसरलं असतं तर एकच बिघाड जिकडेतिकडे दिसला असता. इथे तोच दरवाजा आठ जणांनी आठ तऱ्हांनी बंद केलाय. यादृच्छिक बदल आणि त्यावर निवड, याहून नेमकं उदाहरण वर्गात दाखवायला मला मिळालेलं नाही.

बारावीचं म्हणाल तर तिथे जीवशास्त्र घेणारी मुलं किती? दहावी सगळे देतात.

सरळरेघ

'बिघडलेले' हा शब्द तुमचाच. कुलूप मोडणं आणि कुलूप घडवणं एक नव्हे. आठ जणांनी आठ तऱ्हांनी कुलूप मोडलं. डोळा, पंख, आतडं ही कुलपं घडवली कुणी हा माझा प्रश्न.

प्रयोगवही

अळीच्या बाबतीत मान्य. तिथे मोडतोडच आहे, घडण नाही. या वाक्यासाठी माझेच लोक मला बोलतील, बोलोत.

घडण पाहायची तर अमेरिकेतल्या रिचर्ड लेन्स्की यांच्या बाटल्या पाहा. १९८८ मध्ये ई. कोलाय या आतड्यातल्या एकाच जिवाणूपासून १२ वसाहती सुरू केल्या, रोज नव्या द्रावात टाकायच्या, मधूनमधून नमुने गोठवून ठेवायचे. द्रावात सायट्रेट भरपूर, पण हवेत वाढताना या जिवाणूला ते खाता येत नाही. सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर एका बाटलीतले जिवाणू ते खायला लागले. सायट्रेट आत घेणाऱ्या जनुकाची जादा प्रत तयार झाली आणि ती नेमकी हवेत चालू राहणाऱ्या दुसऱ्या बटणाखाली जाऊन पडली. गोठवलेले नमुने पुन्हा वाढवून पाहिले. २०,००० पिढ्यांच्या आधीच्या नमुन्यांना हे जमलंच नाही, नंतरच्यांपैकी काहींना पुन्हा जमलं. म्हणजे आधी कुठेतरी पाया पडला, मग भिंत चढली. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं, जनुकाच्या जादा प्रतीचा तपशील २०१२ मध्ये. कुणी पाहिलं म्हणाल तर फ्रीजर उघडून आजही पाहता येतं.

बांधावरचा

राजेहो, तुमी बाटलीत शिरले. मी इथंच वावरात हाय म्हणून एक सांगतो. बियाण्याच्या पाकिटात संगं १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं लहान पाकीट याचं. बांधाच्या कडेनं लावा म्हणत. आमी लावलं नाई. गावात कोणंच लावलं नाई, काहींनं तर फेकून देल्लं. त्या ओळींत अळी पडते, मंग अळीले खाऊ घालाले कापूस लावाचा का? कोणंच नीट समजावून सांगतलं नाई का ते कशाले हाय. आता शहाणे लोक म्हणतात शेतकऱ्याची चूक.

पऱ्हाटीवाला

दादा, चूक तुमची एकट्याची नाही. आमच्याकडेही ते पाकीट कोंबड्यांच्या खुराड्यावर पडून होतं.

ते पाकीट म्हणजे शंभर टक्के डार्विन होता, फक्त त्यावर तसं लिहिलं नव्हतं. बीटीवर वाचलेला एखादा प्रतिकारक पतंग असतो. शेजारी नॉन-बीटीच्या ओळी असल्या तर तिथून साधे पतंग भरपूर निघतात आणि त्याचा जोडा बहुतेक साध्याशीच लागतो. त्यांच्या पिल्लांत प्रतिकाराच्या जनुकाची एकच प्रत, ती पुरत नाही, बीटीवर मरतात. ओळी नसल्या की वाचलेले वाचलेल्यांशीच जुळतात आणि सगळी पिल्लं पक्की निघतात. अळीला खाऊ घालायचा तो कापूस यासाठी होता.

अमेरिकेत अॅरिझोनात हीच अळी, बीटीही आपल्या आधीपासून, १९९६ पासून. तिथे शेतकऱ्यांनी ओळी राखल्या, प्रतिकार आलाच नाही. पुढे वांझ केलेले पतंग सोडले आणि २०१८ मध्ये देश या अळीपासून मुक्त झाल्याचं जाहीर केलं. किडा तोच, जनुक तेच. उत्क्रांतीचं गणित धरून चाललेल्यांचा कापूस वाचला. सरळरेघ, सिद्धांत चुकीचा असता तर हा हिशेब असा जुळला असता?

जुनीपोथी

चर्चा चांगली चालली आहे. एक नम्र मुद्दा. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन. पाण्यातला जीव, मग उभयचर, मग जमिनीवरचा पशू, मग अर्धा पशू अर्धा माणूस, मग ठेंगणा माणूस. हा क्रम योगायोग आहे का? हॉल्डेनसारख्या शास्त्रज्ञानेही हे साम्य बोलून दाखवलं होतं, आणि ते तर भारताचे नागरिक होऊन १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. उत्क्रांतीला माझा विरोध नाही. ती आपल्याकडे आधीच होती एवढंच म्हणतो.

कच्छचा_पाहुणा

पोथीकाका, साम्य गोड आहे, मीही लहानपणी ऐकलंय. फक्त कासव उभयचर नाही, सरपटणारा प्राणी आहे. आणि दशावतार ही शिडी आहे, एकेक पायरी वर. जीवसृष्टीत शिडी नाही. देवमासा बघा, तो जमिनीवरून उलटा पाण्यात उतरला.

ही गोष्ट आपल्याच उपखंडातली आहे म्हणून सविस्तर सांगतो. जम्मूत कालाकोटला ए. रंगा राव या भूवैज्ञानिकांनी दगड गोळा करून ठेवले होते. ते गेल्यावर पेट्या वर्षानुवर्षं तशाच. पुढे त्यांच्या पत्नीने ते दगड हान्स थेविसन या संशोधकाच्या हवाली केले. साफ करताना मदतनिसाच्या हातून एक कवटी चुकून फुटली आणि कानाचं हाड उघडं पडलं. त्याची आतली भिंत जाड. अशी जाड भिंत तोवर फक्त देवमाशांच्या वंशात माहीत होती. प्राणी मात्र मांजराएवढा, चार पायांचा, खुरांचा! इंडोहायस त्याचं नाव, देवमाशाशी त्याचं हे नातं २००७ मध्ये जाहीर झालं, वय सुमारे ४.८ कोटी वर्षं. त्याचा मोठा भाऊबंद पाकिस्तानातला पाकिसेटस, मग पाय असलेला पण पोहणारा अॅम्ब्युलोसेटस, मग आमच्या कच्छच्या खडकांतला कच्छिसेटस. तिथल्या हरुडीच्या उघड्या माळावर भर उन्हात गुडघ्यांवर बसून संशोधक हाडं वेचतात. मी एकदा बरोबर गेलो होतो, दिवसभरात माझ्या हाती आले ते फक्त शिंपले.

सरळरेघ, तुमच्या मोठ्या उडीवर बोलायचं तर ही पाहा. १९९० च्या दशकात रेणुजीवशास्त्रवाले म्हणत होते की डीएनएवरून देवमाशाचा सगळ्यांत जवळचा नातलग पाणघोडा. हाडंवाले ऐकेनात, त्यांचा उमेदवार वेगळाच, एक नामशेष मांसभक्षक गट. २००१ मध्ये पाकिस्तानात जुन्या देवमाशांच्या घोट्याची हाडं सापडली. दोन्हीकडे खाच असलेलं, गाय-शेळी-पाणघोड्याच्या कुळातच आढळणारं हाड. हाडंवाल्यांनी मुकाट्याने मत बदललं. एकमेकांचं न ऐकणारे दोन साक्षीदार एकच पत्ता सांगतात तेव्हा कोर्टही मान डोलावतं.

सरळरेघ

देवमाशाचं वाचलंय, पण घोट्याची बाजू माहीत नव्हती. ठीक, देवमासा दिला तुम्हाला. माणसाचं काय? मामांचा प्रश्न माणसाचा होता. आणि साम्य म्हणजे नातं नव्हे. एकाच सुताराच्या खुर्च्या एकमेकींसारख्या असतात, म्हणून एक खुर्ची दुसरीला जन्म देत नाही.

प्रयोगवही

आधी मामांचं वाक्य दुरुस्त करू. आजच्या माकडाचा माणूस झाला असं कुणी म्हणतच नाही. चिंपांझी आपला चुलतभाऊ, बाप नव्हे. तुमचा चुलतभाऊ तुम्हाला जन्म देताना कुणी पाहिला, असं कुणी विचारत नाही.

सुताराबद्दल. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्या गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्या २३. पूर्वज एक असेल तर एक जोडी गेली कुठे? अख्खी जोडी गहाळ झाली तर जीव जगत नाही. म्हणजे दोन जोड्या कुठेतरी शिवल्या गेल्या असणार. प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाला एक ठरावीक अक्षरमाळ असते, धोतराला काठ असावा तशी. दोन धोतरं टोकाला टोक लावून शिवली तर काठ मधोमध येणार. १९९१ मध्ये आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या आत तो काठ सापडला, दोन टोकं एकमेकांकडे तोंड करून. गुणसूत्राला मध्ये एक कमरेसारखी जागा असते, तिचीही दुसरी, बंद पडलेली खूण त्यात आहे.

वर क जीवनसत्त्व. ते बनवणारं जनुक बहुतेक सस्तन प्राण्यांत चालू असतं. आपल्यात ते आहे पण मोडकं. वानर-माकडांतही तेच मोडकं. गिनीपिगमध्येही मोडलंय, पण वेगळ्या जागी. सुताराने नव्या खुर्चीला मुद्दाम जुनाच तुटका पाय, तोही त्याच जागी तुटलेला का लावावा?

सरळरेघ

धोतराचा काठ... यावर दोन दिवस मागतो. मला उत्तर सुचलेलं नाही, सुचलं तर लिहीन. पहिली पेशी कशी झाली हा प्रश्न मात्र तुम्ही कुणीच घेतला नाही.

प्रयोगवही

तो उत्क्रांतीच्या आधीचा प्रश्न आहे, रसायनशास्त्राचा, आणि तो सुटलेला नाही. वेगळा धागा काढा, येते.

बांधावरचा

धोतराचं समजलं. आता मले कामाचं सांगा. ओळी लावाची वेळ गेली. फरदड ठेवू का नोको? भाव बरा हाय यंदा.

पऱ्हाटीवाला

नका ठेवू दादा. (फरदड म्हणजे वेचणीनंतर पाणी देऊन त्याच पऱ्हाटीवर पुन्हा कापूस घेणं.) वेचणी संपली की पऱ्हाटी उपटा. ही अळी कापसाशिवाय दुसरं फारसं काही खात नाही. वावर चार-पाच महिने रिकामं राहिलं तर तिची साखळी तुटते. फरदड ठेवली की तिला वर्षभर जेवण, आणि पुढच्या हंगामाला सगळ्यांत पक्क्या निघालेल्या अळ्या हजर. पुढच्या वर्षी जूनमध्ये कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) लावायची तयारी ठेवा आणि फुलं लागली की डोमकळ्या, म्हणजे आत अळी असलेली न उमललेली फुलं, तोडून नष्ट करा.

हे लिहिता लिहिता घरी फोन लावला. बाबांना विचारलं पऱ्हाटी उपटली का. म्हणाले, "एक पाणी देऊन पाहतो, मामाही तेच म्हणतो."