घरच्या शेतीत वर्षाचं टार्गेट कसं ठरवता? आणि ते कोण बघतं?

गोठ्यातला_नवखा:
नमस्कार मंडळी. आम्ही राहुरी तालुक्यातले. सहा एकर रान, त्यात दोन एकर ऊस, दोन एकर गावरान कांदा, बाकी जनावरांसाठी घास आणि मका. आठ गाई, सध्या पाच दुधात, रोजचं साठ लिटरच्या आसपास. गेल्या दिवाळीत पुण्याची नोकरी सोडून घरी आलो. घरात आण्णा, आई, थोरला भाऊ, वहिनी.

आल्या आल्या एक्सेलची शीट केली. वर ठळक अक्षरात ‘तीन वर्षांत उत्पन्न दुप्पट’. आण्णांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं आणि एवढंच विचारलं, “कांद्याचा भाव कुठल्या रकान्यात बसवलास?” माझी बोलतीच बंद. महिनाभर शीट भरली, मग कांदालागण सुरू झाली आणि राहिली ती राहिलीच.

टार्गेट नक्की कशाचं ठेवायचं? वही बरी की ॲप? आणि घरच्यांना यात ओढायचं कसं?

चाळीतला_म्हातारा:
आण्णांना माझा नमस्कार सांगा, बरोबर जागी बोट ठेवलंय. ऑगस्ट 2023 ला कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागलं. डिसेंबरात निर्यातच बंद. मे 2024 मध्ये उघडली तीही 40 टक्के शुल्कासकट, सप्टेंबरात ते 20 झालं आणि पूर्ण गेलं 1 एप्रिल 2025 ला. यातली एक तरी तारीख आपल्याला आधी कुणी सांगितली होती का? मग भावावर बेतलेलं टार्गेट ठेवून काय उपयोग!

आपल्या हातात आहे ती क्विंटलची पडतळ, म्हणजे एका क्विंटलला पडलेला खर्च. हिशेबापुरतं धरा, एकरी 80 हजार खर्च. शंभर क्विंटल निघाला तर पडतळ 800 रुपये. एकशे वीस निघाला तर 667. आणि शंभरातला तीस चाळीत, म्हणजे कांदा साठवतो तिथे, सडला, वाळला, तर तीच पडतळ 1,143 वर जाते. म्हणजे चाळीतली घट कमी करणं हेच एक टार्गेट झालं की नाही? मी चार वर्षं तेवढंच एक ठेवलंय.

कोपरगावकर:
ॲप चार वापरली, चारही काढून टाकली. वही. पण वही कपाटात नको, डोळ्यांसमोर हवी.

मुक्तगोठा_संगमनेर:
दादा, तुमची खरी गोम गोठ्यात आहे. आठातल्या पाच दुधात म्हणजे तीन बसून खातायत. त्यातल्या गाभण किती, नुसत्या भाकड किती, हे न बघता सांगता येईल का? येत नसेल तर लिटरचं टार्गेट बाजूला ठेवा, दिवसांचं घ्या.

गाय व्याल्यावर नव्वद दिवसांच्या आत गाभण राहिली आणि पुढचे 280 दिवस गर्भकाळाचे धरले, तर वर्षाला जवळपास एक वेत पडतं. एक माज, म्हणजे गाय फळायला येण्याची वेळ, नजरेतून सुटला की 21 दिवस गेले. माझ्याकडे एका गाईचं खाणं दिवसाला दोनशे धरतो, म्हणजे 4,200 रुपये उकिरड्यावर. आणि माज सुटतो कधी? बहुतेकदा रात्री किंवा भल्या पहाटे, आपण झोपलेले असताना.

मी काय केलं, गोठ्याच्या मधल्या खांबाला कालनिर्णय टांगलं. आई पूर्वी रतिबाचं दूध मांडायची, तसंच. व्याली, माज, रेतन, गाभ तपासणी, एवढ्याच चार नोंदी, पेन्सिल सुतळीने बांधलेली. पहिल्या वर्षी लक्षात आलं की एक काळी गाय व्याल्यापासून 196 दिवस रिकामी होती. तोवर आम्ही सगळे तिला ‘गुणाची’ म्हणत होतो!

पेंडीचंही तसंच. अंगापुरती दीड-दोन किलो आणि वर अडीच-तीन लिटरमागे एक किलो, हा ढोबळ हिशेब. आमच्याकडे सगळ्यांना एकच घमेलं जायचं, भाकडीलाही.

वसुधाताई:
एक विचारू का? शेण काढणं, धारा, वैरण, हे तुमच्याकडे कोण करतं? वहिनी आणि आई ना? मग शीटमध्ये त्यांची मजुरी किती धरली होती? शून्य असणार. आमच्याकडेही शून्यच होती आणि सगळे म्हणायचे दूध परवडतं. दोघींचा रोज धरला तेव्हा नफा निम्म्यावर आला.

आता आम्ही दुधाच्या पगाराचे भाग पाडलेत. महिन्यातला पहिला दहावडा, म्हणजे दहा दिवसांच्या दुधाचे पैसे, पेंड आणि औषधाला, दुसरा कर्जाच्या हप्त्याला, तिसरा घरात. तिसऱ्यातली ठरलेली रक्कम माझ्या खात्यावर येते. कालवड कधी विकायची हे आता मला विचारून ठरतं. वहिनींना ओढायचं कसं हा तुमचा प्रश्नच उलटा आहे, भाऊ. त्या आधीच आत आहेत, तुम्ही नवीन आलात.

सोसायटीचा_माणूस:
माझं मोजमाप एकच. मार्चअखेर पीककर्जाचं नवं-जुनं करताना, म्हणजे जुनं फेडून नवं उचलताना, हातउसने घ्यावे लागतात का? लागत असतील तर दुप्पट वगैरे राहू द्या. यंदा उसने निम्मे, पुढच्या वर्षी शून्य, एवढं ठरवा.

गोठ्यातला_नवखा:
वसुधाताई, चपराक पोचली. वहिनींना धागा वाचून दाखवला, त्या हसल्या आणि म्हणाल्या, तीन बसून खाणाऱ्यांतली एकच गाभण आहे, हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

कालनिर्णय टांगलं. उसाचं काही ठरवत नाही, तो कारखान्याच्या तोडीवर आहे. कांद्याचं मात्र अडलंय. चाळीतली घट मोजायची कशी? अख्खी चाळ उपसून वजन थोडंच करणार?

चाळीतला_म्हातारा:
उपसायची कशाला. चाळ भरताना लाल जाळीच्या तीन पिशव्यांत वीस-वीस किलो मोजून भरा. एक खाली, एक मध्ये, एक वर, हात पोचेल अशा कडेला. दर महिन्याच्या एक तारखेला तिन्ही काढून सडका वेगळा करा आणि उरलेला तोला. खालची पिशवी आधी बोलते.