मदत हवी आहे: एफसी २६ मध्ये वास्तवता आणि मजा यांचा मेळ कसा घालावा?

चवथीच्या सुटीत म्हापशाला वाड्यावरील मुलांसाठी 'ईए स्पोर्ट्स एफसी २६' या फुटबॉलच्या व्हिडिओ गेमची स्पर्धा घ्यायची आहे. सामने प्लेस्टेशन ५ वर, इंटरनेटशिवाय, दोघांनी समोरासमोर खेळायचे असल्याने संगणकाच्या संघाचे स्लायडर (वेग, चुका वगैरे कमी-जास्त करण्याच्या सेटिंग) येथे गैरलागू आहेत. गेममधील 'ऑथेंटिक' हा वास्तवाकडे झुकणारा खेळण्याचा प्रकार खऱ्या मैदानावर फुटबॉल खेळणाऱ्यांना भावला, पण लहानांना संथ वाटला; 'कॉम्पिटिटिव्ह' या वेगवान प्रकारात मात्र चपळ विंगरला (कडेने आक्रमण करणाऱ्या खेळाडूला) चेंडू देऊन धावत सुटणे एवढाच डाव उरतो, जो माझ्या मते फुटबॉल नव्हेच. धावण्याचा वेग ५० वरून कमी केला आणि पासमधील चूक वाढवली, तेव्हा धावपटूंना वेसण बसली, परंतु नवख्यांचे साधे पासही भरकटू लागले. सामने अनेक असल्यामुळे अर्धा डाव सहा मिनिटांहून वाढवता येणार नाही. पासची अचूकता न बिघडवता केवळ वेगाचा वरचष्मा कमी करण्यासाठी वेग, प्रवेग आणि बचावफळीची खोली यांपैकी कोणता स्लायडर आधी आणि साधारण किती बदलावा?