फेब्रुवारीत मुलांबरोबर खिडकीपाशी काय लावावे?

प्रश्न :
आम्ही टोरांटोला राहतो. बाहेर बर्फ आहे आणि अंगणात नाजूक रोपे लावायला मेच्या मध्यापर्यंत तरी थांबावे लागेल. मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा पाच वर्षांचा. जानेवारीत आम्ही खिडकीत धने पेरले, वर प्लास्टिक झाकले आणि रोज पाणी घातले. रोपे उगवली, पण लांबट आणि फिकट. एका सकाळी पाहिले तर मातीलगतचे देठ दोऱ्यासारखे बारीक होऊन सगळी आडवी झाली होती. मुलगा फार रडला. आता असे काय लावावे, की त्याची पुन्हा निराशा होणार नाही?

प्रतिसाद १ :
ताई, रोपे अशी कोलमडतात ती बुरशीमुळे. सततची ओल आणि कोंडलेली हवा तिला पोषक ठरते, म्हणून कोंब दिसताच प्लास्टिक काढावे आणि मातीचा वरचा थर सुकल्यावरच पाणी घालावे. लांबटपणा मात्र अपुऱ्या उजेडाचा.

या दिवसांत मेथी लावावी. दाणे रात्रभर भिजवून, तळाला भोके पाडलेल्या पसरट डब्यात दोन बोटे मातीवर दाट पसरावेत. तीन-चार दिवसांत कोंब येतात आणि साधारण दोन आठवड्यांत मुंबईच्या बाजारातल्या समुद्रमेथीच्या जुडीसारखी कोवळी मेथी कापता येते. इतक्या लवकर ताटात येते म्हणूनच पाच वर्षांच्या मुलासाठी मी तीच निवडेन. रात्री डबा काचेपासून दूर ठेवा. काच फार गार होते.

प्रतिसाद २ :
मुलीसाठी वाल घ्यावेत. काचेच्या ग्लासात आतून ओला टिपकागद लावून, भिजवलेले वाल कागद आणि काच यांच्यामध्ये सरकवले, की एरवी मातीत लपणारे सारे डोळ्यांसमोर घडते. आधी मूळ बाहेर पडते, मग कोंब कमान करून वर येतो. मूळ बोटाच्या पेराएवढे झाले, की जास्तीचे पाणी ओतून ग्लास आडवा करावा. दुसऱ्या दिवशी मुळाचे टोक पुन्हा खाली वळलेले दिसते. आमच्या मुलीने ते वळण रोज काचेवर पेनाने गिरवले होते. कच्चे वाल मात्र मुलांना तोंडात घालू देऊ नयेत.

प्रतिसाद ३ :
रताळे पाण्यात ठेवण्याचा सल्ला कुणी दिला, तर आधी चौकशी करावी, कारण दुकानातल्या काही रताळ्यांना कोंब येऊ नयेत म्हणून औषध लावलेले असते. त्याऐवजी अंगणात फोर्सिथिया हे फुलझुडूप असेल, तर बर्फ जरा वितळलेल्या दिवशी हातभर फांद्या तिरप्या कापून कोमट पाण्यात ठेवा. तिच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरलेल्या असतात आणि थंडी सोसून झाल्यामुळे त्यांना आता फक्त ऊब हवी असते. एक ते तीन आठवड्यांत पानांच्या आधी पिवळी फुले उमलतात.

मूळ प्रश्नकर्ती :
सर्वांचे मनापासून आभार. मेथीदाणे आज रात्रीच भिजत घालते. शेजारच्या आजींच्या कुंपणाला फोर्सिथिया आहे. उद्या मुलांना घेऊन त्यांच्याकडे फांद्या मागायला जाणार आहे.