७०० एमबीच्या सीडीत जीकॉम्प्रिस आणि केटर्टल: मॉड्यूल वेगळी कशी करायची?

देवगड_लॅब:
आमच्या शाळेतले पीसी जुने, ३२-बिट. पेनड्राइव्हवरून बूट होत नाहीत, यूएसबीची तोंडं खाऱ्या हवेने हिरवी पडलीत, ड्राइव्ह डीव्हीडी वाचत नाही. म्हणजे सीडीच. लाइव्ह-बिल्डने (सीडीवरूनच चालणारं लिनक्स बनवायचं साधन) डेबियन १२, एलएक्सडीई (हलका डेस्कटॉप), मराठी फॉन्ट आणि आयबस (मराठी टायपिंगसाठी) एवढं बसवलं. आता पाचवीला जीकॉम्प्रिस (शैक्षणिक खेळ) हवं, आठवीला केटर्टल (प्रोग्रॅमिंग शिकायला), ऑफिसातल्या बाईंना लिबरऑफिस. प्रत्येकाचं वेगळं मॉड्यूल, म्हणजे स्क्वॉशएफएस (दाबून छोटी केलेली फाइल-सिस्टिम), करून सीडीच्या लाइव्ह फोल्डरमध्ये टाकलं. पण दोन मॉड्यूल एकत्र टाकली की सिनॅप्टिकमध्ये (पॅकेजांची यादी दाखवणारा प्रोग्रॅम) एकाचीच पॅकेजं दिसतात. दुसरं चालतं, यादीत मात्र नाही. जागाही भरमसाट जाते.

गुहागरकर:
डीव्हीडी ड्राइव्ह सेकंडहँड मिळतात की.

देवगड_लॅब:
मिळतात हो, पैसे कोण देणार?

चिपळूण_टक्स:
यादी हरवलेली नाही, झाकली गेलीय. मॉड्यूल थरांसारखी एकमेकांवर चढतात, ते काम ओव्हरलेएफएसचं; त्यात एकाच नावाची फाइल दोन थरांत असली की वरचीच दिसते. डीपीकेजीची (पॅकेजं बसवणारं साधन) स्टेटस फाइल, म्हणजे बसवलेल्या पॅकेजांची यादी, ही एकच, आणि तुमच्या प्रत्येक मॉड्यूलमध्ये तिची आपापली प्रत! लाइव्ह-बूट (सीडीवरून सिस्टिम सुरू करणारा भाग) नावांच्या क्रमाने थर चढवतो, शेवटचा जिंकतो. एलडीच्या (लायब्ररी शोधणारा), माइमच्या (फाइलींचे प्रकार) नि आयकॉनच्या कॅशचंही तेच. या फाइली मॉड्यूलमधून काढा. त्या-त्या पॅकेजांच्या नोंदी वेगळ्या नावाच्या फाइलीत ठेवा. बूटच्या वेळी एक छोटी स्क्रिप्ट त्या स्टेटसला जोडेल आणि एलडीची कॅश नव्याने बनवायला एलडीकॉन्फिग चालवेल.

जागेचं म्हणाल तर जीकॉम्प्रिस आणि केटर्टल दोघंही क्यूटी ५ (खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी) ओढतात. तुमचं एलएक्सडीई जीटीकेचं (तशीच दुसरी लायब्ररी), त्यामुळे मूळ डिस्कमध्ये क्यूटी नाही आणि दोन मॉड्यूलमध्ये दोनदा आलंय. क्यूटीचा मधला थर वेगळा करा, त्याच्या नावाआधी १० लावा, बाकीच्यांना २० आणि ३०; मूळ डिस्कच्या फाइलीला ००, म्हणजे ती सगळ्यांत खाली राहील. मॉड्यूल बांधताना खाली मूळ डिस्क आणि क्यूटी माउंट करा, वरच्या फोल्डरमध्ये जेवढं नवीन पडेल तेवढंच स्क्वॉश करा. शिफारशीने येणारी पॅकेजं बंद ठेवा, एपीटीच्या (पॅकेजं उतरवणारं साधन) याद्या आणि कॅश आधी पुसा. दाबायला एक्सझेड वापरा, पण असल्या मशिनवर १ एमबीचा ब्लॉक घेऊ नका. मी तरी २५६ केबीच्या वर जात नाही.

मूळ डिस्क एकदा गोठवली की अपग्रेड मारायचं नाही. मारलंत तर सगळी मॉड्यूल पुन्हा बांधा.

आणि दर वर्गाला वेगळी सीडी कशाला? लाइव्ह फोल्डरमध्ये मॉड्यूल-याद्यांच्या दोन फाइली ठेवा, बूट मेनूच्या एकेका ओळीत ‘मॉड्यूल’ पॅरामीटरने त्यांची नावं द्या. पाचवीच्या मशिनवर केटर्टल चढणारच नाही.

देवगड_लॅब:
क्यूटी वेगळं काढलं, दोन्ही एका सीडीत बसली! लिबरऑफिसची सीडी स्वतंत्र करतो. बाईंना पत्रं आणि पगारपत्रक, बस्स.

चिपळूण_टक्स:
मग अख्खं पॅकेज नको. रायटर, कॅल्क, मराठी भाषेचं पॅकेज आणि जीटीके ३ चं. ते शेवटचं राहिलं तर खिडक्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या दिसतात, आणि बाई तुम्हालाच विचारतील.