मॅक्किबेन स्नायू: सूत्र १९३ न्यूटन सांगतं, लोडसेल १२८ दाखवतो

प्रश्न:
हवा भरली की आखडणारा कृत्रिम स्नायू (मॅक्किबेन) बनवलाय: आत सिलिकॉनची नळी, वर नायलॉनची जाळी. जाळीचा व्यास १० मिमी, धाग्याचा अक्षाशी कोन २५ अंश, लांबी १५० मिमी, गेज दाब (वातावरणाच्या दाबाच्या वरचा) ३ बार. वापरलेलं सूत्र:
बल = पाय (π) × त्रिज्या² × दाब × [अ(१−आ)² − ब]
अ = ३/टॅन²कोन, ब = १/साइन²कोन, आ म्हणजे आकुंचन.
आ शून्य असताना १९३ न्यूटन यायला हवेत, लोडसेलवर (बल मोजणारा सेन्सर) मिळतात १२८. आ ०.२ लाही ७६ पेक्षा बरेच कमी. गळती नाही.

उत्तर १:
आधी कोन तपासा. कोनमापक जाळीवर धरून मोजला असेल तर त्यावर विसंबू नका. एका धाग्याला मार्करने रंग द्या आणि एका पूर्ण वेढ्यात तो किती पुढे सरकतो ते मोजा. पाय × व्यास भागिले ते अंतर म्हणजे टॅन. २५ अंशांना ६७ मिमी यायला हवेत. ६२ आले तर कोन २७, आणि तेवढ्यानेच १९३ चे १५८ होतात! एवढं नाजूक आहे हे सूत्र.

उत्तर २:
शिवाय नळी ताणायलाही दाब खर्च होतो. भार न लावता दाब हळूहळू वाढवा. स्नायू ज्या दाबाला आखडू लागतो, तो दाब वजा करून सूत्रात घाला.
१२८ हे आखडतानाचं वाचन असणार. धागे एकमेकांवर घासतात, त्यामुळे त्याच लांबीला ताणत नेताना वाचन जास्त येतं. दोन्हींची सरासरी मॉडेलशी ताडा. फरकाचा निम्मा भाग म्हणजे घर्षण.

प्रश्नकर्ता:
वेढा ६२ मिमी, म्हणजे कोन २७. आखडायला सुरुवात ०.४ बारला. ताणताना १४८, सरासरी १३८. सूत्र आता १३७ देतं. आ ०.२ ला मात्र ५२ येतात, दोन्ही दिशांची सरासरी ३८ च आहे.

उत्तर २:
तो टोकांचा परिणाम. क्लॅम्पजवळ जाळी शंकूसारखी निमुळती राहते आणि तेवढा भाग नीट आखडत नाही. मधला भाग मात्र पूर्ण लांबीवरून काढलेल्या आ पेक्षा जास्त आखडलेला असतो. म्हणून सूत्रात आ ऐवजी क × आ घ्या; क म्हणजे सूत्रातलं कमाल आकुंचन भागिले प्रत्यक्षातलं. २७ अंशांना कमाल आकुंचन ०.३५ (धागे ५४.७ अंशांवर पोचले की बल संपतं). भाराशिवाय ३ बारला प्रत्यक्षात किती येतं?

प्रश्नकर्ता:
०.२९.

उत्तर २:
मग क = ०.३५/०.२९, साधारण १.२१, आणि आ ०.२ ला ३६-३७ न्यूटन. हा क याच लांबीपुरता. ३०० मिमीचा स्नायू केलात तर टोकांचा वाटा घटेल, क पुन्हा मोजावा लागेल.